आकाशाचें चित्र आणि आकाशाची साक्ष

ज्या वस्तूचें चित्र काढणें कठीण असतें, तिच्या चित्राचें लोक कौतुक करितात. आणि तेंच काढणें सोपें झालें म्हणजे त्याकडे वळून पाहण्याचेहि कष्ट कोणी घेत नाहीं, असा सामान्य अनुभव आहे. रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्राची गोष्ट मात्र निराळी झाली आहे. तें काढणें सोपें झालें, आणि कौतुकहि कमी झालें नाहीं. कोजागरीच्या रात्रीं अमरावतीस किंवा अकोल्यास ज्या घरांत दूध आटविलें जातें, त्या घरांतील प्रत्येक खिशांत हल्लीं कॅमेरा असतो. आणि दुधाचे पेले रिकामे होण्यापूर्वीं चंद्राचीं दहावीस चित्रें पुण्यामुंबईच्याच नव्हे, तर समुद्रापलीकडच्याहि नातलगांस पोंचलेलीं असतात. त्यांत भर म्हणून आठदहा हजार रुपयांच्या आंतबाहेर एक लहानशी दुर्बीण मिळूं लागली आहे. तिच्या भिंगाशीं फोन धरला कीं झाला घरच्या घरीं वेधशाळेचा थाट!

काव्य, नाटक, कादंबरी यांचें परीक्षण आपण मोठ्या हौसेनें करितों. या नव्या चित्रांच्या वांट्याला मात्र परीक्षण सहसा येत नाहीं. अंगठा उंचावलेली एक खूण पाठविली म्हणजे रसिकाचें कर्तव्य संपतें. परंतु जी कृति लाखों घरांत रोज पाहिली जाते, तिच्यांत उत्तम कोणती आणि हिणकस कोणती हें ठरविण्याचें कांहीं माप असावयास नको काय? तें माप शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे. आणि तो करण्यास मला एका लहान मुलाच्या प्रश्नानें भाग पाडलें.

गेल्या हिवाळ्यांत मी अकोल्यास बहिणीकडे गेलों होतों. माझ्या भाच्यानें साठविलेल्या पैशांत वडिलांकडून भर घालून घेऊन ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण आणली होती. शुद्ध षष्ठीची संध्याकाळ होती. गच्चीवर तिपाई मांडून, डोळ्याच्या भिंगाशीं फोन धरून आणि श्वास रोखून त्यानें चंद्राचीं तीसएक चित्रें घेतलीं. त्यांतलें एक बरें निघालें. फोन सरकल्यामुळें चंद्राची एक कड कापली गेली होती. उजळ कडेला जांभळट झांक होती. आणि सारें चित्र पाण्याखालून पाहिल्यासारखें किंचित् हललेलें होतें. त्याच वेळीं त्याच्या थोरल्या बहिणीनें दुर्बिणीवांचून, कठड्याला कोपर टेकून, नुसत्या फोननें चंद्राचें एक चित्र घेतलें. तें स्वच्छ होतें, रेखीव होतें, आणि त्यांतील विवरें मोजून घ्यावीं इतकीं ठसठशीत होतीं. दोन्ही चित्रें दिवाणखान्यांत फिरलीं. "हा चांदोबा झ्याक दिसते," असें म्हणून आजीनें दुसऱ्या चित्रावर बोट ठेविलें. खरें सांगावयाचें तर मींहि त्याच चित्राची वाहवा केली. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मंग मामा, हे दुर्बीण कायले घेतली?"

त्या रात्रीं मला उत्तर देतां आलें नाहीं. दुर्बीण माळ्यावर जाण्याच्या बेतांत होती, आणि तिला तेथें धाडण्यांत माझ्या रसिकतेचाहि हात होता, ही गोष्ट मला पुढें कित्येक दिवस बोंचत राहिली. म्हणून प्रथम त्या सुंदर चित्राचीच तपासणी करूं.

भिंग जितकें मोठें, तितके बारकावे तें वेगळे करून दाखवितें, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. हिशेब अगदीं सोपा आहे. भिंगाचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्यानें ११६ ला भागावें. जो भागाकार येईल तितक्या विकलांहून जवळ असलेल्या दोन गोष्टी त्या भिंगास वेगळ्या दिसत नाहींत. चंद्र आपणांपासून जेवढा दूर आहे, तेवढ्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारें १.९ किलोमीटर. फोनमधील दूरचें दृश्य जवळ आणणाऱ्या भिंगाचा प्रकाश घेणारा व्यास अर्धा सेंटिमीटर धरला, तर भागाकार २३ विकला येतो. म्हणजे चंद्रावरील सुमारें ४० किलोमीटरांहून लहान खुणा त्या भिंगाला वेगळ्या ओळखतां येणार नाहींत. भाच्याच्या दुर्बिणीचें भिंग ७० मिलिमीटरांचें. तिची मर्यादा सुमारें ३ किलोमीटर. आतां दोन्ही चित्रें पुन्हां समोर ठेवा. थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हीं शंभरएक किलोमीटर रुंदीचीं तीन विवरें षष्ठीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ असतात. तीं फोनच्या भिंगाला अंधुक दिसावीं इतपत मोठीं आहेत. परंतु त्यांच्या अवतीभोवतीं वीस वीस किलोमीटरांचीं जीं विवरें त्या चित्रांत कांठासकट कोरलीं होतीं, तीं कोठून आलीं? त्या भिंगांतून तीं येणें शक्य नव्हतें.

मुलानें याची परीक्षा स्वतःच केली. चंद्राचें एक जुनें चित्र मुद्दाम पुसट करून त्यानें कागदावर छापून घेतलें, तें अंधाऱ्या खोलीच्या एका टोंकास लावून त्यावर मंद उजेड पाडला, आणि दुसऱ्या टोंकावरून त्याच फोननें त्याचा फोटो घेतला. कागदावर जेथें नुसते डाग होते, तेथें फोटोंत विवरें उमटलीं! फोनचें नांव येथें अप्रस्तुत आहे. ही युक्तीहि मुलाची स्वतःची नव्हे. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत एका हौशी मनुष्यानें सॅमसंग कंपनीच्या फोनवर असाच प्रयोग करून जगापुढें मांडला होता. त्यानें चंद्राचें चित्र १७० बिंदू लांब व १७० बिंदू रुंद इतकें लहान केलें, आणखी पुसट केलें, संगणकाच्या पडद्यावर लावलें आणि अंधारांतून त्याचा फोटो घेतला. फोटोंत मूळ पडद्यावर नसलेले बारकावे आले. त्यावर कंपनीनें खुलासा केला. फोन समोरची वस्तु चंद्र आहे हें ओळखतो, आणि चंद्राच्या अनेक कलांचीं चित्रें दाखवून शिकविलेल्या कृत्रिम बुद्धीच्या साह्यानें बारकावे उठावदार करितो. ज्यास हें नको असेल त्यानें ती सोय बंद करावी, असा त्या खुलाशाचा आशय होता. खुलासा प्रामाणिक आहे. परंतु त्याचा अर्थ कौतुक करणाऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावयास हवा. आजीनें वाखाणलेला तो 'झ्याक' चंद्र त्या संध्याकाळचा अकोल्याचा चंद्र नव्हता. तो पुष्कळशा जुन्या चंद्रांची सरासरी होता.

येथें वऱ्हाडांतीलच एका जुन्या छायाचित्राची आठवण करून देणें योग्य होईल. २२ जानेवारी १८९८ रोजीं हिंदुस्थानांत खग्रास सूर्यग्रहण झालें. त्याची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून देशावर आली आणि वऱ्हाडावरून ईशान्येकडे गेली. ठिकठिकाणीं ज्योतिषांचे तळ पडले. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरले. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगांववाला जेऊर येथें गेले. आणि ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी तळणी येथें येऊन राहिली. धामणगांव आणि पुलगांव यांच्या दरम्यान आगगाडीचें जें तळणी स्टेशन लागतें तेंच हें, अमरावती जिल्ह्याच्या पूर्व टोंकाचें. या तुकडींत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर हीं दोघें होतीं. अ‍ॅनीबाई केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत गणित शिकल्या, परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या काळीं तेथें स्त्रियांस पदवी मिळत नसे. ग्रिनिच वेधशाळेंत त्यांनीं कांहीं वर्षें गणनेचें काम केलें, आणि विवाह झाला तेव्हां तेंहि सोडावें लागलें. तळणीस त्यांच्यापाशीं सरकारी वेधशाळेचें अजस्र यंत्र नव्हतें. जो कॅमेरा होता, त्याचें भिंग अवघें दीड इंच व्यासाचें होतें. म्हणजे अकोल्याच्या गच्चीवरील मुलाच्या दुर्बिणीच्या भिंगाहूनहि बरेंच लहान. सूर्यबिंब सुमारें दोन मिनिटें झांकलें गेलें. तेवढ्या अवकाशांत बाईंनीं घेतलेल्या छायाचित्रांत सूर्याच्या प्रभामंडलाचा एक किरण बिंबापासून सुमारें ६० लाख मैलांपर्यंत लांबलेला आढळला. एवढा लांब किरण तोंवर कोणाच्याहि चित्रांत आला नव्हता.

हें उदाहरण मला फार बोलकें वाटतें. तळणीच्या चित्राचें मोल भिंगाच्या किंमतीवर ठरलें नाहीं, आणि चित्राच्या देखणेपणावर तर नाहींच नाहीं. त्या कांचेवर जें उमटलें, तें त्या दोन मिनिटांत, त्या माळावरून, सूर्याकडूनच आलें होतें, एवढ्याच एका गोष्टीवर तें ठरलें. त्या कॅमेऱ्याला पूर्वींच्या ग्रहणांचें शिक्षण दिलेलें असतें, तर प्रभामंडल असें असें असतें, एवढा लांब किरण कांहीं असत नाहीं, असें ठरवून त्यानें तो किरण पुसून टाकिला असता. आणि चित्र अधिक सुबक झालें असतें!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. छायाचित्रांत मनुष्याचा हात केव्हां नव्हता? कांच किती वेळ उघडी ठेवावी, कोणत्या रसायनांत धुवावी, कागदावर किती गडद उतरवावी, हें सर्व मनुष्यच ठरवीत असे. आज जीं चित्रें शास्त्रज्ञ वाखाणतात, तीं देखील एकावर एक अनेक चित्रें रचून सिद्ध होतात. मग फोननें तेवढी मदत केली तर ओरड कां?

याचें उत्तर देतांना दोन क्रिया वेगळ्या केल्या पाहिजेत. गूगल कंपनीनें २०१९ सालीं पिक्सेल ४ या फोनांत ताऱ्यांचीं चित्रें घेण्याची एक सोय आणली. तींत फोन सोळा सोळा सेकंदांचीं पंधरापर्यंत चित्रें घेतो आणि तीं एकत्र करितो. असा एकूण चार मिनिटांचा प्रकाश गोळा होतो. चार मिनिटांत आकाश एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांच्या रुंदीएवढें, सरकतें. म्हणून प्रत्येक चित्र थोडें सरकवून तारे ताऱ्यांवर बसवावे लागतात. यांत लबाडी कोठेंच नाहीं. थेंब थेंब पाणी साठवून घागर भरावी तसें हें आहे. पाणी विहिरीचेंच असतें. मृगांतील तेजोमेघ डोळ्यांस राखी दिसतो आणि चित्रांत गुलाबी येतो, तेंहि खोटें नव्हे. मंद प्रकाशांत आपल्या डोळ्यांस रंग कळत नाहीं, कॅमेऱ्यास कळतो, इतकेंच. परंतु जो प्रकाश त्या रात्रीं भिंगांत आलाच नाहीं, तो आला असता तर कसा दिसला असता याची अटकळ करून तो चित्रांत घालणें, ही दुसरी क्रिया आहे. आलेला प्रकाश गोळा करणें हें कलावंताचें कसब. न आलेला प्रकाश घालणें ही साक्षीदाराची पढवणी. न्यायाधीश पढविलेल्या साक्षीदाराचें वक्तृत्व पाहून निकाल देत नाहीं, आणि परीक्षकानेंहि देऊं नये.

कोणी म्हणेल, चंद्राचें तोंड तर सर्वांस ठाऊकच आहे. तो रोज तसाच असतो. मग पढवणीनें बिघडलें काय? परंतु चंद्र रोज तसाच नसतो. भाच्यानें पुढें अष्टमीस आणि दशमीस चित्रें घेतलीं. षष्ठीला थिओफिलसच्या पोटांत काळी सावली होती. अष्टमीला ती बरीचशी मागें हटली. दशमीला कोपर्निकस विवर उजेडांत आलेलें होतें. तीनहि चित्रें हललेलींच होतीं. परंतु तीं शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे चंद्रावर सूर्य चढतांना प्रत्यक्ष दिसतो. शिवाय चंद्रावर अकल्पितहि घडतें. २१ जानेवारी २०१९ च्या खग्रास चंद्रग्रहणाच्या वेळीं एक उल्का चंद्रावर आदळली आणि तिचा क्षणिक झगझगाट हौशी निरीक्षकांच्याहि यंत्रांत टिपला गेला. शिकविलेल्या यंत्राला अशा ठिणगीचें काय करावें हें कसें उमगावें? त्याला ठाऊक असलेल्या चंद्रावर ती नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मृगांतील काक्षी हा तांबडा तारा इतका मंदावला कीं नुसत्या डोळ्यांसहि फरक कळला. ज्यांच्यापाशीं आधींच्या हिवाळ्यांतील साधीं, न सजविलेलीं चित्रें होतीं, त्यांना तो फरक घरबसल्या पडताळून पाहतां आला. जें आधींच माहीत आहे तेंच परत देणारें यंत्र आकाशाकडे वळविण्यांत अर्थ नाहीं. त्यासाठीं भिंतीवरचें कॅलेंडरहि पुरेल.

या बाबतींत आपल्याच मुलखांतील एक प्रसंग अनेकांस आठवत असेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळीं आठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशांतून जळते गोळे रांगेनें जातांना लोकांनीं पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पेटलें म्हणाले. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें पडलेलें आढळलें. पुढें तज्ज्ञांनीं असें अनुमान काढलें कीं, २०२१ च्या फेब्रुवारींत सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा तो उरलेला टप्पा होता. त्या सायंकाळीं लोकांनीं गच्च्यांवरून, रस्त्यांवरून, शेतांतून घेतलेलीं हलतीं चित्रें कलेच्या दृष्टीनें पाहिलीं तर दोन कवडीचीं होतीं. हात थरथरत होते, मागें मुलें ओरडत होतीं. परंतु कोणत्या गांवांतून, किती वाजतां, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेस, हें तीं सांगत होतीं. त्या दिवशीं वऱ्हाडनागपुरांतील सामान्य माणसानें आकाशाची खरी साक्ष दिली.

येथवर सजविणाऱ्या यंत्राला दोष दिला. आतां हौशी चित्रकारांचाहि हिशेब घेतला पाहिजे. प्रामाणिक दुर्बिणीमागें उभा असलेला मनुष्य नेहमीं प्रामाणिक असतोच असें नाहीं. गाविलगडाच्या तटावर एका रात्रीची आकाशगंगा आणि दुसऱ्या रात्रीचा उजेड जोडून एकच चित्र करणें, देवळाच्या कळसामागें चंद्र चौपट मोठा बसविणें, आकाशाला जांभळानिळा रंग इतका चढविणें कीं पैठणीनेंहि लाजावें, असे प्रकार उघड चालतात. चित्र कल्पनेचें आहे असें खालीं लिहिलें, तर माझी तक्रार नाहीं. कल्पनेच्या चित्रालाहि स्थान आहे. परंतु तें फोटो म्हणून पुढें करितात, आणि पाहणाऱ्याच्या मनांत खऱ्या आकाशाविषयीं निराशा पेरितात. ज्यानें अशीं चित्रें पाहून दुर्बीण घेतली, त्याला तींतून गुरु एका लहान मण्याएवढा आणि तेजोमेघ राखेच्या फुंकरीसारखा दिसतो, आणि आपण फसलों असें त्याला वाटतें. वास्तविक त्या मण्याशेजारीं चार ठिपके असतात. दुसऱ्या रात्रीं त्यांच्या जागा बदललेल्या असतात. १६१० सालीं गॅलिलिओला जें दिसलें, तें अकोल्याच्या गच्चीवर कोणासहि दिसूं शकतें, आणि साध्या फोनांतहि उतरतें. याहून अधिक कोणत्या चमत्काराची अपेक्षा करावयाची?

माझें माप आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आकाशाच्या चित्राला परीक्षकानें तीन प्रश्न विचारावे: कोठून घेतलें, केव्हां घेतलें, कशानें घेतलें. आणि मग चौथा, जरा खडसावून: यांत बाहेरून काय घातलें? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें चित्राखालीं दोन ओळींत मावतात. ज्या चित्राखालीं त्या ओळी आहेत, तें अंधुक असलें तरी वहींत जपून ठेवण्याजोगें आहे. ज्याखालीं नाहींत, तें कितीहि देखणें असलें तरी शुभेच्छापत्राच्या पंगतीला बसवावें. फोननें घेतलेल्या चित्राच्या पोटांत वेळ आपोआप नोंदली जाते, हें खरें; पण एका हातांतून दुसऱ्या हातांत जातां जातां ती नोंद गळून पडते. म्हणून ती लिहून ठेवण्याची संवय हवी.

मापाबरोबर मर्यादेचेंहि भान असावें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हें उल्कापातानें काळ्या पाषाणांत झालेलें विवर, हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. त्याची रुंदी सुमारें १.८ किलोमीटर. तेंच विवर उचलून चंद्रावर ठेविलें, तर भाच्याच्या दुर्बिणीला तें दिसणार नाहीं. तिची धांव तीन किलोमीटरांपर्यंतच आहे. हें मीं त्याला सांगितलें तेव्हां तो हिरमुसेल असें मला वाटलें होतें. पण त्यानें लोणारच्या कांठावरून सरोवराला फेरी घातलेली होती. एवढें मोठें विवर चंद्रावर ठिपकाहि नाहीं, हें कळल्यावर त्याला चंद्र मोठा झाल्यासारखा वाटला. खोट्या चित्रानें ही समज कधींच आली नसती, कारण खोट्या चित्राला मर्यादाच नसते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. चित्राची साक्ष खरी व्हावयास आकाशच दिसावें लागतें. वऱ्हाडास या बाबतींत निसर्गानें भरपूर दिलें आहे. अमरावती सुमारें २१ उत्तर अक्षांशावर आहे. तेथून ध्रुव उत्तरेस २१ अंशांवर दिसतो, आणि दक्षिणेस अगस्ति सुमारें १६ अंश वर येतो. लंडनच्या मोठमोठ्या दुर्बिणींस अगस्ति क्षितिजावर कधींच दिसत नाहीं. नरतुरंगांतील सर्वांत तेजस्वी तारा आपल्याकडे सुमारें आठ अंश वर येतो. पण तो पाहावयास क्षितिज मोकळें आणि काळें पाहिजे. अमरावती-अकोल्याच्या गच्च्यांवरून आठ अंशांवर दिसतात ते रस्त्यांवरचे दिवे. उन्हाळ्यांत तापलेल्या गच्चीवरून उठणारी हवा चित्र नाचविते ती निराळीच. मेळघाटांत चिखलदऱ्याच्या माथ्यावर गेलें म्हणजे आकाश पुन्हां सांपडतें. तेथेंहि आग्नेयेच्या बाजूस परतवाडा-अचलपूरच्या उजेडाचा घुमट उभा असतो.

अंधार राखतां येतो, हें आपल्या शेजारींच सिद्ध झालें आहे. २०२४ सालच्या जानेवारींत महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळून तो देशांतील पहिला कृष्णाकाश-उद्यान ठरला. त्यासाठीं आसपासच्या गांवांतील दिव्यांचा उजेड आकाशाकडे न जातां खालीं जमिनीवर पडेल अशी व्यवस्था करण्यांत आली. गांव अंधारांत लोटावें लागलें नाहीं. १९७४ पासून वाघ राखणाऱ्या मेळघाटानें अंधारहि कां राखूं नये? आणि आपल्या गच्चीवरच्या दिव्यावर एक टोपी बसविणें, हें तर नगरपालिकेच्या ठरावावांचूनहि करतां येतें. तसें न केलें तर यंत्राची पढवणी हाच पुढच्या पिढीचा एकमेव आधार होईल. कारण दिसेनासें झालेलें आकाश सजवून दाखविण्यास यंत्र केव्हांहि तयार आहे. या चित्रांविषयीं माझी खरी भीति हीच आहे. खोटा चंद्र खऱ्या चंद्राची हानि करीत नाहीं. परंतु ज्याला खोटी आकाशगंगा खिशांत मिळते, तो खरी आकाशगंगा हरवल्याची फिर्याद घेऊन कोणाकडे जाणार?

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी वाचकांसाठीं 'ज्योतिर्विलास' लिहिला, आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असें दुसरें नांव दिलें. त्या नांवांतील दोन घटकांचा हिशेब मला अलीकडे नव्यानें पटला. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटें. उजेडांतून अंधारांत आलेल्या डोळ्याला मंद तारे ओळखावयास साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पहिली घटका डोळ्याची, दुसरी आकाशाची. फोनचा पडदा मध्येंच उजळला कीं पहिली घटका वायां जाते आणि पुन्हां आरंभापासून बसावें लागतें. म्हणून भाच्याशीं मीं एक करार केला आहे. आधीं दोन घटका नुसतें पाहावयाचें, आणि मग चित्र घ्यावयाचें. पडद्याचा उजेड अगदीं मंद ठेवावयाचा. फोनला सजावटीची सोय असेल ती बंद करावयाची. बटन दाबल्यावर तीन सेकंदांनीं चित्र निघेल असें करून हात काढून घ्यावयाचा. आणि प्रत्येक चित्राखालीं गांव, तिथि, वेळ आणि भिंग लिहावयाचें.

दुर्बीण माळ्यावर गेली नाहीं. वहीचीं पंचवीसएक पानें भरलीं आहेत. चंद्राची कड अजून कधीं कधीं कापली जाते, आणि जांभळी झांक तर त्या भिंगाबरोबरच आलेली आहे. ती जाणार नाहीं. मागच्या भेटींत आजीनें वही मागून घेतली आणि चष्मा लावून षष्ठी, अष्टमी, दशमी अशीं पानें उलटलीं. सावली मागें सरकलेली तिच्या ध्यानांत आली तेव्हां तिनें पुन्हां पहिलें पान काढलें, आणि नातवाला विचारलें, "हे सारे आपल्या गच्चीवरूनच काय रे?" त्यानें मान हालविली. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मी देणार होतों. तें आजीच्या या प्रश्नांत त्याला माझ्या आधींच मिळालें.